बीटा ब्लॉकर, वाढलेलं वजन आणि स्वायत्त चेतासंस्था: शरीराचा ऊर्जाखर्च नक्की कोण हलवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी सुरू होऊन वर्ष झालं. खाणं तेच, चालणं तेच, तरी वजन दीड किलोनं वाढलं. गोळीमुळे मेटाबॉलिझम मंदावतो का? मंदावत असेल तर थंड पाणी, कॉफी किंवा श्वसनाचे व्यायाम करून तो पुन्हा जागा करता येईल का? आणि मनगटावरचं घड्याळ तणावाच्या दिवशी जास्त कॅलरी जळल्याचं दाखवतं, ते खरं मानायचं का?

तिन्ही प्रश्न एकाच मुळातून आलेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. लोकांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च मोजणं आणि त्या आकड्यांचा अर्थ त्यांना समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. एवढ्या वर्षांत माझं मत असं झालंय: ऊर्जाखर्चाचा पाया स्वायत्त चेतासंस्था घालत नाही, पण त्या पायावरचा खर्च ती सतत वर-खाली सरकवत असते. शांत, निरोगी माणसात हे सरकणं थोडं असतं. वजन कमी केलेल्या माणसात ते जाणवण्याइतकं असतं. मोठा भाजलेला रुग्ण किंवा अधिवृक्क ग्रंथीत, म्हणजे मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीत, गाठ असलेला रुग्ण पाहिला, की याच संस्थेची ताकद किती आहे ते कळतं.

आधी पाया बघू. मध्यम बांध्याचा, सत्तर किलोचा माणूस काहीही न करता पडून राहिला तर दिवसाला साधारण 1600 ते 1700 किलोकॅलरी खर्च करतो. ही ऊर्जा जाते कुठे? मेंदू वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीतल्या खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा तो घेतो. यकृतही जवळपास तेवढंच. हृदय आणि मूत्रपिंडं लहान असली तरी किलोमागे हिशेब केला तर सगळ्यांत खर्चिक: दिवसाला किलोमागे सुमारे 440 किलोकॅलरी. याउलट विश्रांत स्नायू किलोमागे फक्त 13 आणि चरबी चार-साडेचार. स्नायू एकूण भरपूर असतात म्हणून त्यांची बेरीज मोठी होते, इतकंच. दोन माणसांच्या विश्रांतीतल्या खर्चात जो फरक दिसतो त्यातला बराचसा या अवयवांच्या आणि स्नायूंच्या वजनावरून आधीच ठरलेला असतो. ‘माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे’ असं म्हणत येणाऱ्या बहुतेकांचा आकडा त्यांच्या बांध्याला शोभेल असाच निघतो. हे त्यांना सांगताना मी घाई करत नाही, कारण त्या वाक्यामागे बरीच वर्षं मनात साठलेला अपराधीपणा असतो.

आता सरकवणारा हात. स्वायत्त चेतासंस्था म्हणजे आपल्या इच्छेशिवाय चालणारं नियंत्रण. ‘ऑटोनॉमिक’ हे नाव केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी 1898 मध्ये दिलं. तिच्या दोन मुख्य शाखा: सिंपथेटिक, म्हणजे पाठ्यपुस्तकातली अनुकंपी, आणि पॅरासिंपथेटिक, म्हणजे परानुकंपी. शाळेत आपण शिकतो की पहिली ‘लढा किंवा पळा’वाली आणि दुसरी ‘आराम करा, पचवा’वाली. ते चुकीचं नाही, पण त्यातून एक गैरसमज मात्र पक्का होतो: अनुकंपी संस्था फक्त संकटातच चालू होते, असा. प्रत्यक्षात ती चोवीस तास हलक्या हातानं काम करत असते. तुम्ही खुर्चीतून उठलात आणि चक्कर न येता उभे राहिलात, ते तिच्यामुळेच.

ती ऊर्जा वाढवते कशी? चेतातंतूच्या टोकातून नॉरॲड्रेनॅलिन सुटतं, अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन रक्तात येतं, आणि ही दोन्ही रसायनं पेशींवरच्या बीटा ग्राहकांना, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांना (रिसेप्टरना), जाऊन चिकटतात. बीटा ब्लॉकर हेच ग्राहक अडवतो. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि तिथून एकाच वेळी अनेक कामं सुरू होतात. हृदय जास्त वेगानं आणि जास्त जोरानं आकुंचन पावतं. यकृत साखर सोडतं आणि नवी तयार करतं. चरबीच्या पेशी साठवलेले मेदाम्ल बाहेर काढतात. त्यातली काही मेदाम्लं जळतातच असं नाही, ती पुन्हा चरबीत बांधली जातात. हे सोडणं-बांधणं वरवर निरर्थक दिसतं, पण त्यालाही ऊर्जा लागते आणि ती उष्णता म्हणून बाहेर पडते. पेशींच्या पटलावरचे सोडियम-पोटॅशियमचे पंप, स्नायूंतले कॅल्शियमचे पंप थोडे जास्त फिरतात. असा सगळीकडून थोडा थोडा खर्च वाढतो. एका जागी बोट ठेवून ‘इथे जळलं’ असं म्हणता येत नाही.

इथे एक बारकावा सांगते, कारण तो पुढे उपयोगी पडेल. चरबीच्या पेशींवर बीटा ग्राहकांबरोबर अल्फा-2 ग्राहकही असतात आणि ते चरबी सोडण्याला उलट ब्रेक लावतात. शरीराच्या कुठल्या भागात कोणते ग्राहक जास्त, यावर तिथली चरबी किती सहज हलते हे अवलंबून असतं. मांड्या-नितंबांची चरबी पोटाच्या आतल्या चरबीपेक्षा हट्टी वाटते, त्यामागचं हे एक कारण आहे. तेव्हा एकच संदेश, पण ऐकणारी पेशी बदलली की परिणाम बदलतो.

हे सगळं मोजताना कसं दिसतं ते सांगते. सकाळची वेळ, रात्रभर पोटात काही नाही, माणूस पाठीवर पडलेला, डोक्यावर पारदर्शक टोपासारखं आवरण, त्यातून हवा ओढली जाते. आत गेलेला ऑक्सिजन आणि बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा, आणि वीअर यांनी 1949 मध्ये मांडलेल्या सूत्रात घालून किलोकॅलरी काढायच्या. पहिली काही मिनिटं आम्ही हिशेबात धरतच नाही. नवखा माणूस घाबरलेला असतो, श्वास भरभर घेतो, त्यामुळे साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइड भागिले ऑक्सिजन हे गुणोत्तर विश्रांतीत चरबी आणि साखरेच्या मिश्रणानुसार 0.7 ते 1.0 च्या दरम्यान असायला हवं, ते 1.0 च्या वर जातं. पेशींत काहीच बदललेलं नसतं, बदललेला असतो तो फक्त श्वास. मग हळूहळू खांदे सैल होतात, रेघ खाली येते, सपाट होते. आणि नेमकं तेव्हाच बाहेर कुणीतरी दार आपटतं किंवा उशाशी राहिलेला फोन थरथरतो. पडद्यावर नाडीची रेघ लगेच वर उसळते, ऑक्सिजनची रेघ मागोमाग थोडीशी उचलते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत दोन्ही परत येतात. नाडीची उसळी मोठी, ऑक्सिजनची लहान. या दोन रेघांमधलं अंतर लक्षात ठेवा. तुमच्या घड्याळाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आता तुमच्या गोळीकडे येऊ. निरोगी तरुण माणसांना प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर शिरेतून देऊन बीटा ग्राहक बंद केले तर विश्रांतीतला खर्च काही टक्क्यांनी खाली येतो, हे मोजलं गेलेलं आहे. म्हणजे अगदी शांत पडून असतानाही अनुकंपी संस्था खर्चाला खालून थोडा टेकू देत असते. समजा हा टेकू 3 टक्के आहे. 1600 किलोकॅलरीचे 3 टक्के म्हणजे दिवसाला 48. वर्षाचे साडेसतरा हजार झाले. एक किलो चरबीत सुमारे 7700 किलोकॅलरी धरल्या तर कागदावर सव्वादोन किलोची भर पडते. प्रत्यक्षात इतकी पडत नाही, कारण वजन वाढलं की ते वाढलेलं शरीर सांभाळायला आणि हलवायला खर्चही वाढतो, आणि कुठेतरी दोन्ही बाजू पुन्हा जुळतात. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरच्या चाचण्या एकत्र करून 2001 मध्ये जो आढावा निघाला त्यात बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा मध्यमानानं 1.2 किलोनं जास्त होतं. वाढ मुख्यतः सुरुवातीच्या काही महिन्यांत होते, नंतर थांबते. तुमचं दीड किलो या चित्रात अगदी नीट बसतं. त्यासाठी तुमच्या खाण्यात काही चोरटं शोधत बसायची गरज नाही.

गोळीचा परिणाम फक्त पडून राहण्याच्या खर्चावर होतो असंही नाही. जेवणानंतर जी उष्णता वाढते ती थोडी कमी होते, व्यायामात चरबी सुटण्याचं प्रमाण घटतं, आणि बऱ्याच लोकांना एक हलका थकवा येतो. या थकव्यामुळे माणूस नकळत कमी हलतो: जिना टाळतो, एका फेरीत दोन कामं उरकतो. हे ‘चालणं तेच’ या वाक्यात धरलं जात नाही. सगळ्या बीटा ब्लॉकरचा परिणाम सारखाही नसतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही असलेल्या रुग्णांवर 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेटोप्रोलॉलवर वजन 1.2 किलोनं वाढलं, कार्व्हेडिलॉलवर फक्त 0.2 किलोनं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना ‘माझ्या बाबतीत दुसरा पर्याय चालेल का’ हे विचारणं पूर्णपणे योग्य आहे. पण एक गोष्ट मी हात जोडून सांगते: गोळी स्वतःहून बंद करू नका. दीर्घकाळ झाकलेले ग्राहक संख्येनं वाढलेले असतात. गोळी एकदम थांबली की नाडी आणि रक्तदाब उसळून वर येतो, आणि हृदयविकार असलेल्या माणसात ते जिवावर बेतू शकतं. दीड किलोपायी ही जोखीम घेऊ नये.

परानुकंपी शाखेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण जे आहे ते महत्त्वाचं आहे. ती खर्चाचं बटण बंद करत नाही. तिचं सगळ्यांत दिसणारं काम हृदयावर आहे: दोन्ही शाखांचा हात काढून घेतला तर तिशीतल्या माणसाचं हृदय आपल्याच लयीत मिनिटाला शंभराच्या आसपास धडधडतं. विश्रांतीत आपण साठ-सत्तरवर असतो ते व्हेगस या परानुकंपी चेतातंतूच्या लगामामुळे. पचनातही तिचं काम आहे. ॲट्रोपिन देऊन तिला अडवलं तर जेवणानंतरची उष्णतावाढ घटते. अर्थात पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, त्याचाही यात हात आहे. तेव्हा ‘आराम’वाली शाखा म्हणजे खर्च वाचवणारी शाखा, असं सरळ समीकरण मांडता येत नाही.

दीर्घ, संथ श्वसनाचं उत्तरही इथेच देते. त्यानं व्हेगसचा प्रभाव वाढतो, नाडी उतरते, मन शांत होतं. हे सगळं चांगलं आहे आणि रक्तदाबाच्या रुग्णाला मी ते जरूर करायला सांगते. पण त्यानं कॅलरी जास्त जळत नाहीत. झालाच तर खर्च किंचित उतरेल.

जेवण आणि अनुकंपी संस्था यांचं नातं मात्र मला या विषयातला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो. लुईस लँड्सबर्ग आणि जेम्स यंग यांनी 1977 मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की उपाशी ठेवलं की अनुकंपी संस्था मंदावते आणि साखर जास्त दिली की ती जोर धरते. तोपर्यंतचा समज उलटा होता: उपासमार हा ताण, म्हणून ॲड्रेनॅलिन वाढत असणार. प्रत्यक्षात शरीर कमाई घटली की खर्चाला हात आखडता घेतं, आणि हा आखडता हात म्हणजे अनुकंपी तंतू. जेवणानंतर इन्सुलिन वाढतं, ते मेंदूपर्यंत निरोप पोचवतं, आणि अनुकंपी तंतूंची हालचाल वाढते. जेवलेल्या ऊर्जेच्या सुमारे 10 टक्के आपण ते अन्न पचवण्यात, शोषण्यात आणि साठवण्यातच खर्च करतो. त्यातला बहुतेक भाग निव्वळ रासायनिक कामाचा, पण वरचा थोडा भाग या तंतूंमुळे येतो.

इथून पुढचा भाग वजन कमी करणाऱ्या प्रत्येकानं वाचावा अशी माझी इच्छा आहे. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना स्वेच्छेनं 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्यानं घटलं, मूलभूत ऊर्जाखर्च मात्र जवळपास 40 टक्क्यांनी. शरीर लहान झालं म्हणून जेवढा घटायला हवा त्यापेक्षा जास्त. विश्रांतीतली नाडी सरासरी 55 वरून 35 च्या आसपास आली. त्यांना सतत थंडी वाजत असे. मंद नाडी, गार हातपाय, सुस्ती: अनुकंपी संस्थेनं हात आखडता घेतल्याच्या या खुणा आहेत. वजन झपाट्यानं उतरवलेल्या माणसाशी हस्तांदोलन करताना मला त्या आजही जाणवतात.

पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रूडॉल्फ लिबेल, मायकेल रोझेनबॉम आणि ज्यूल्स हिर्श यांनी हेच काटेकोरपणे मोजलं. त्यांचं 1995 चं काम सांगतं की 10 टक्के किंवा त्याहून अधिक वजन उतरवून तिथेच टिकवलं, तर रोजचा एकूण खर्च चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे 6 ते 8 किलोकॅलरींनी घटलेला असतो. पन्नास किलो चरबीविरहित वजन धरलं तर दिवसाला 300 ते 400. म्हणजे शरीर लहान झालंय म्हणून जेवढं कमी पुरेल असं वाटतं, त्याहूनही इतकं कमी. याच लोकांत अनुकंपी प्रभाव घटलेला आणि परानुकंपी वाढलेला आढळला, थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक थोडं उतरलेलं होतं. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन वजन घटण्याआधीच्या पातळीवर नेलं तेव्हा खर्च आणि अनुकंपी प्रभाव बऱ्याच अंशी परत वर आले. साखळी अशी उलगडते: चरबी घटली, लेप्टिन घटलं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या नियंत्रण केंद्राला वाटलं की साठा संपत आलाय, त्यानं अनुकंपी तारांवरचा जोर कमी केला. विशेष म्हणजे या घटीचा मोठा भाग पडून राहण्यात नसून हालचालीत असतो. हलक्या कामात स्नायू जास्त काटकसरी होतात, तेच चालणं कमी ऊर्जेत होतं.

म्हणून वजन उतरवून थांबलेल्या माणसाला मी सांगते की वजन परत चढू लागलं तर त्याचा अर्थ तुमची इच्छाशक्ती संपली असा काढू नका. तुमची चेतासंस्था तिला दिसतं त्यानुसार काम करतेय. तिच्या डोळ्यांना दुष्काळ दिसतोय. हा फरक समजल्यावर माणसं स्वतःला कोसणं थांबवतात आणि कामाला लागतात: रोजची हालचाल वाढवणं, स्नायूंना ताकदीचा व्यायाम देणं, वजन टप्प्याटप्प्यानं उतरवणं.

मग लठ्ठपणा मुळात अनुकंपी संस्था मंद असल्यामुळेच येतो का? असा विचार खरंच मांडला गेला होता. जॉर्ज ब्रे यांनी त्याला मोना लिसा असं नाव दिलं होतं. ज्ञात लठ्ठपणांपैकी बहुतेकांत अनुकंपी क्रिया कमी असते, या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातली आद्याक्षरं घेऊन. उंदरांच्या अनेक प्रकारांत ते जुळत होतं. ॲरिझोनातल्या पिमा या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांत लठ्ठपणाचं प्रमाण खूप जास्त आहे, आणि पायातल्या चेतातंतूत बारीक सुई घालून स्नायूंकडे जाणारे अनुकंपी संदेश मोजले तेव्हा त्यांच्यात ते गोऱ्या अमेरिकनांपेक्षा कमी निघाले. पण बाकी बहुतेक लठ्ठ माणसांत स्नायूंकडे आणि मूत्रपिंडाकडे जाणारे अनुकंपी संदेश वाढलेले सापडतात. संदेश वाढलेत, रक्तदाब चढलाय, पण पेशी त्या संदेशाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत, म्हणून उष्णता त्या प्रमाणात वाढत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांना किंमत मोजावी लागते, खर्चात मात्र नफा नाही. ‘अनुकंपी वाढवा, वजन घटवा’ ही कल्पना मला याच कारणानं धोक्याची वाटते.

या संस्थेची पूर्ण ताकद बघायची तर आजाराकडे बघावं लागतं. फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात होते आणि ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिन ओतत राहते. डोकेदुखी, धडधड, घाम येतो. काही रुग्ण नीट जेवूनही वाळत जातात, त्यांचा विश्रांतीतला खर्च चढलेला असतो, आणि गाठ काढल्यावर तो उतरतो. दुसरं उदाहरण मोठ्या भाजण्याचं. शरीराचा 40 टक्क्यांहून जास्त भाग भाजला तर खर्च जवळजवळ दुप्पट होऊ शकतो आणि स्नायू डोळ्यांदेखत झिजतात. कॅटेकोलॅमिनं, म्हणजे ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनच्या वर्गातली रसायनं, हा त्यामागचा मुख्य हात, हे 1974 मध्येच दाखवलं गेलं. पुढे 2001 मध्ये भाजलेल्या मुलांना प्रोप्रॅनोलॉल देऊन खर्च खाली आणता आला आणि स्नायूंची झीज रोखता आली. तुमचं वजन दीड किलोनं वाढवणारं औषध ज्या वर्गातलं, त्याच वर्गातलं औषध तिथे मुलांचे स्नायू वाचवतं.

थंड पाण्याकडे वळते. थंडीत नॉरॲड्रेनॅलिन तपकिरी चरबीला जागं करतं. या चरबीच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांत, यूसीपी-1 नावाचं प्रथिन असतं. ते एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन न बनवता ऊर्जेची थेट उष्णता करतं. ही चरबी फक्त बाळांत असते असं आम्ही शिकलो होतो. 2009 मध्ये एकाच वेळी तीन संशोधनगटांनी ती प्रौढांच्या मानेत आणि गळ्याच्या हाडाच्या वर दाखवली, तेव्हा सगळ्यांनाच आशा वाटली. मिराबेग्रॉन हे मूत्राशयासाठीचं बीटा-3 औषध 200 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या 50 च्या चौपट, बारा तरुणांना एकदाच दिलं तेव्हा विश्रांतीतला खर्च सुमारे 13 टक्के, दिवसाच्या हिशेबात दोनशेच्या आसपास किलोकॅलरींनी चढला. त्याबरोबर नाडी आणि रक्तदाबही चढला. दोन मिनिटांचा थंड शॉवर या मापात मोजण्याइतकाही टिकत नाही, कारण खर्च थंडी किती वेळ राहते त्यावर ठरतो. खरी मोठी वाढ कुडकुडण्यात होते, आणि ती स्नायू करतात. शिवाय थंडीनं भूकही वाढते. तुम्हाला उच्च रक्तदाब आहे, त्यामुळे अंगावर एकदम बर्फासारखं पाणी घेणं मी तुम्हाला सांगणार नाही. त्या क्षणी रक्तवाहिन्या आकसतात, दाब झपकन चढतो.

कॉफीचं गणित लहान आहे. 100 मिलिग्रॅम कॅफिननं विश्रांतीतला खर्च दोन-अडीच तास 3 ते 4 टक्के वाढतो, म्हणजे पाच-सात किलोकॅलरी. एक चमचा साखर त्या कपात पडली तर हिशेब उलटा झाला. निकोटिनचं उदाहरण जास्त बोलकं आहे. दिवसाला 24 सिगारेटी ओढणाऱ्यांचा चोवीस तासांचा खर्च 1986 मध्ये बंद खोलीत मोजला तेव्हा न ओढण्याच्या दिवसापेक्षा सुमारे 10 टक्के जास्त निघाला, दोनशेहून थोड्या जास्त किलोकॅलरी, आणि लघवीतलं नॉरॲड्रेनॅलिनही वाढलेलं. सिगारेट सोडल्यावर वजन का चढतं याचं निम्मं उत्तर यात आहे, उरलेलं भुकेत. वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एफेड्रा या वनस्पतीवर अमेरिकेनं 2004 मध्ये बंदी घातली, सिब्युट्रामिन हे वजन घटवण्याचं औषध 2010 मध्ये अनेक देशांच्या बाजारातून काढलं गेलं. दोन्ही वेळा कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण हेच होतं. चरबीकडे जाणारा निरोप आणि हृदयाकडे जाणारा निरोप एकाच रसायनानं जातो. एकाला हाक मारली की दुसरा ओ देतोच.

शेवटी घड्याळ. चालताना, धावताना स्नायूंना ऑक्सिजन हवा असतो, तो पोचवण्यासाठी नाडी वाढते, म्हणून नाडीवरून खर्चाचा अंदाज बऱ्यापैकी लागतो. तणावात नाडी वाढते ती मेंदूच्या निरोपावरून. स्नायूंनी ऑक्सिजन मागितलेलाच नसतो. दार आपटल्यावर पडद्यावर जे दिसतं तेच तुमच्या मनगटावर दिवसभर घडतं, आणि घड्याळ नाडीची उसळी पाहून कॅलरी मोजतं. तणावाच्या दिवसाचा तो जादा आकडा सोडून द्या. उलट बीटा ब्लॉकर घेत असताना व्यायामात नाडी दाबलेली राहते, त्यामुळे घड्याळ तुमचा खरा खर्च कमी दाखवेल. नाडीवर आधारलेली व्यायामाची लक्ष्यंही तुम्हाला लागू पडत नाहीत. धाप किती लागते ते बघा: बोलता येतंय पण गाता येत नाही, इतका जोर पुरे.

पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या. गोळी सुरू झाली त्या तारखेचं वजन आणि त्यानंतर दर महिन्याचं वजन. वाढ कधी थांबली ते त्यावरून दिसेल. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच मोजलेली आठवडाभराची नाडी. आणि गोळी सुरू झाल्यापासून कोणती कामं तुम्ही नकळत टाळायला लागलात, ते आठवून, घरच्यांना विचारून. वाढ चौथ्या-पाचव्या महिन्यात थांबलेली असेल तर गोळी तशीच ठेवून चालणं वाढवणं पुरतं. ती अजूनही चालूच असेल तर कारण गोळीपलीकडे शोधायला हवं. थायरॉइडची तपासणी मी आधी करून घेईन.